हबसाणात मत कुणाचे?

फेब्रुवारी १९३७ मध्ये मुंबई प्रांताच्या विधानसभेची निवडणूक झाली. अलिबाग, रोहा, महाडकडच्या ज्या लोकांची नावे यादीत होती त्यांनी जाऊन मत दिले. कुंडलिकेची खाडी ओलांडून मुरूडच्या बाजूला गेले, की या निवडणुकीशी कुणाचा काही संबंध उरत नव्हता. दोन्ही काठांवर तेच आगरी, कोळी, कुणबी, महार, भंडारी आणि कोकणी मुसलमान राहत होते. खाचरे तशीच, बंदरे तशीच, सोयरिकीही एकमेकांत. पण उत्तरेकडचा मुलूख ब्रिटिशांच्या कुलाबा जिल्ह्यात होता आणि दक्षिणेकडे जंजिऱ्याच्या नवाबाचे संस्थान होते. ढोबळमानाने सांगायचे तर उत्तरेला कुंडलिका, दक्षिणेला सावित्रीची बाणकोट खाडी आणि पूर्वेला रोहा-माणगावचे डोंगर, एवढी त्याची हद्द. क्षेत्रफळ सुमारे ३२४ चौरस मैल. १९०१ च्या जनगणनेत लोकसंख्या ८५,४१४. या मुलखाला जुने लोक हबसाण म्हणत.

या चिमुकल्या राज्याची एक गोष्ट शाळेच्या पुस्तकात येत नाही. तिथे किल्ल्याची अभेद्य तटबंदी येते, कलालबांगडी तोफ येते, शिवाजी महाराजांच्या मोहिमा येतात. मात्र या किल्ल्याचा धनी बराच काळ वंशपरंपरेने ठरत नव्हता. त्याला निवडले जाई. निवडणारे अर्थातच मूठभर होते, आणि पुढची सारी कथा त्या मुठीत कोणाकोणाला जागा मिळाली याची आहे.

राजपुरीच्या खाडीच्या तोंडाशी असलेले ते बेट आधी अहमदनगरच्या निजामशाहीकडे होते आणि १६३६ नंतर विजापूरच्या आदिलशाहीकडे गेले. तिथले सिद्दी अधिकारी मूळचे आफ्रिकेतले. कोणी गुलाम म्हणून आलेले, कोणी शिपाईगिरी करत आलेले. विजापूरने त्यांच्या म्होरक्याला वजीर हा किताब दिला. व्यापारी गलबते आणि मक्केला जाणाऱ्या यात्रेकरूंची जहाजे सांभाळणे हे त्याचे काम. १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफने एक बाब नोंदवून ठेवली आहे. वजीर वारला की त्याचा मुलगा आपोआप गादीवर येत नसे, आरमारातला सर्वांत वरचा अधिकारी त्याच्या जागी येई. आरमारावर जगणाऱ्या राज्याला हे सोयीचेच होते. पोरसवदा वारस तटावर उभा करून समुद्र राखता येत नाही.

निवडणाऱ्या या मूठभर सरदारांचे बळ १६७०-७१ मध्ये दिसले. शिवाजी महाराजांनी जंजिऱ्याची कोंडी केली होती. समोरच्या किनाऱ्यावरची दंडा-राजपुरी त्यांच्या हातात होती आणि बेटावर रसद पोचणे अवघड झाले होते. किल्ल्याचा मुख्य फत्तेखान थकला. मोबदल्यात जहागीर घ्यावी आणि किल्ला देऊन टाकावा, या विचाराला तो आला. संबळ, कासम आणि खैर्यत या तीन सिद्द्यांना हे पसंत नव्हते. त्यांनी फत्तेखानाला पकडून बेड्या घातल्या, विजापूरची चाकरी सोडली आणि औरंगजेबाचे अंकित झाले. संबळ आरमाराचा प्रमुख झाला, कासमने जंजिरा घेतला, खैर्यतने जमिनीवरचा कारभार. मोगलांकडून याकूतखान हा किताब आला आणि सुरतेच्या महसुलातून आरमारासाठी पैसा मिळू लागला.

यांतल्या कासम-खैर्यत जोडगोळीने लगेच आपला हात दाखवला. मोगल इतिहासकार खाफीखान सांगतो त्याप्रमाणे होळीच्या रात्री दंडा-राजपुरीतले मराठे सणात गुंग असताना खैर्यतने जमिनीकडून आरडाओरडा करत हल्ला चढवला. सारे तिकडे धावले तेव्हा कासम समुद्राच्या बाजूने शिड्या लावून वर चढला. धुमश्चक्रीत दारूकोठार उडाले. त्या धमाक्याने दूरवर असलेले शिवाजी महाराज झोपेतून जागे झाले आणि दंडा-राजपुरीवर काहीतरी संकट आले, असे म्हणाले, अशीही कथा खाफीखानाने जोडून दिली आहे. कथा बाजूला ठेवली तरी परिणाम खरा आहे. जंजिरा मराठ्यांच्या हाती लागला नाही. महाराजांनी समोर पद्मदुर्ग उभा केला. १६८२ मध्ये संभाजी महाराजांनी खाडीत दगड टाकून बेटापर्यंत वाट बांधायला घेतली. दोन्ही प्रयत्नांना जंजिरा पुरून उरला.

फत्तेखानाला उतरवण्याच्या त्या कृतीला आजच्या अर्थाने निवडणूक म्हणता येणार नाही. ते बंड होते, आणि बंडाला बंडच म्हणावे. तरी त्यातला तर्क लक्षात घेण्याजोगा आहे. मुख्य हा सरदारांच्या मान्यतेने मुख्य, ती मान्यता गेली की तो कैदी. सहा-सात वर्षांतच संबळला हे कळले. औरंगजेबाने प्रमुखपद कासमला द्यायला सांगितले, संबळने आरमार सोडायला नकार दिला आणि दोघांच्या माणसांत मुंबई बंदरातच चकमक उडाली. अखेर कासम याकूतखान झाला आणि १७०६ मध्ये मरेपर्यंत त्याने जागा सोडली नाही.

या पद्धतीचा दोष असा, की निवडणारे थोडे असले की बाहेरच्याला त्यांच्यात फूट पाडणे सोपे जाते. १७३३ मध्ये सिद्दी रसूल याकूतखान वारला, त्याच्या मुलांत आणि सरदारांत तंटा लागला आणि बाजीराव पेशव्याने नेमकी तीच वेळ साधली. मराठ्यांनी १६८९ मध्ये गमावलेला आणि पुढे सिद्दीकडे गेलेला रायगड या मोहिमेत परत मिळवला आणि सिद्दी अब्दुल रहमान हा आपला माणूस पुढे केला. १७३६ मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजेने रेवसच्या बाजूला सिद्दी सात याला ठार केले, तेव्हा कोकणपट्टीवरचा सिद्दीचा दरारा ओसरला. शतकाच्या अखेरीस पुन्हा तोच खेळ झाला. बाळू मियाँ आणि सिद्दी जौहर यांच्यात गादीचा वाद पेटला. जौहरने किल्ला धरून ठेवला आणि बाळू मियाँने १७९१ च्या तहाने आपला हक्क पेशव्यांना लिहून देऊन सुरतेजवळ सचीनचे राज्य पदरात पाडून घेतले. एका वादातून दोन सिद्दी संस्थाने झाली.

रयतेला या कशात विचारण्याचा प्रश्नच नव्हता. हबसाणातली बहुसंख्य वस्ती हिंदू, सिद्दी अगदी थोडे. बाळाजी विश्वनाथ भट श्रीवर्धनचा. सिद्दीच्या जाचाला कंटाळून तो घाटावर गेला आणि पेशवा झाला. घर सोडून निघून जाणे हाच त्या काळच्या रयतेला उरलेला नकाराधिकार होता.

इंग्रजांनी सरदारांचे मंडळ मोडले ते तलवारीने नव्हे, कागदाने. १८३४ मध्ये त्यांनी जंजिरा आपल्या सत्तेखाली असल्याचे जाहीर केले आणि तिथली टांकसाळ बंद केली. पुढे वारसा मुस्लिम कायद्याप्रमाणे मान्य करण्याची सनद दिली. सनद हाती आली तशी गादी रक्ताच्या वारसाची झाली आणि सरदारांचा कौल निव्वळ रिवाज म्हणून उरला. नवाब सिद्दी इब्राहीमखान याच्या कारभारातली अंदाधुंदी, विशेषतः फौजदारी न्यायातली, इतकी वाढली की १८६८ च्या सुमारास ते काम त्याच्या हातून काढून पोलिटिकल एजंटाकडे दिले गेले. १८७० मध्ये नवाब मुंबईला गेलेला असताना सरदारांनी त्याला पदच्युत करण्याचा घाट घातला. जुन्या हक्काचा तो शेवटचा मोठा प्रयोग. दोनशे वर्षांपूर्वी फत्तेखानाच्या बाबतीत जे जमले ते या वेळी जमले नाही, कारण आता निर्णय किल्ल्यात होत नव्हता. सरकारने करार करून नवाबाला परत बसवले. १८७९ मध्ये तो वारल्यावर सिद्दी अहमदखानाला गादीवर मान्यता मिळाली ती मुंबई सरकारची. पुढे मुरूडला डोंगरावर राजवाडा बांधला गेला, शाळा निघाल्या, नळाचे पाणी आले. अहमदखानाचा कारभार बराच सुधारलेला होता हे खुल्या मनाने मान्य केले पाहिजे. पण चांगला नवाब आणि वाईट नवाब यांतला फरक रयतेच्या नशिबावर सोडलेला होता.

आता खाडीच्या उत्तरेला येऊ. तिथे अलिबागच्या आंग्र्यांचे राज्य १८४० मध्ये खालसा झाले आणि १८६९ मध्ये कुलाबा हा स्वतंत्र जिल्हा झाला. मताचा हक्क इथे चमच्याचमच्याने आला. आधी नगरपालिका, मग लोकल बोर्ड आणि १९२० पासून मुंबईच्या कायदे कौन्सिलवर निवडून आलेल्यांचे बहुमत. मतदार कोण? सारा भरणारा, घरपट्टी भरणारा, मिळकत असलेला. कौन्सिलात ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांनी ठराव मांडून मंजूर करून घेतला, की सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. महाडच्या नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये तो मान्य केला आणि चवदार तळे खुले झाल्याचे जाहीर केले. कागदावर. मार्च १९२७ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली लोक खरोखरच तळ्यावर गेले आणि पाणी प्याले, तेव्हा गावात मारहाण झाली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. पुढे दहा वर्षे कोर्टात लढून १९३७ मध्ये मुंबई हायकोर्टाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला.

महाडची हकीकत लोक सामाजिक इतिहासात वाचतात. मतदानाच्या इतिहासातही तिला जागा हवी. लोकनियुक्त सभेने दिलेला हक्क तीच लोकनियुक्त सभा काढून घेते, हे तिथे दिसले. ज्यांचे पाणी तोडले गेले त्यांच्यापैकी फारच थोड्यांची नावे नगरपालिकेच्या मतदारयादीत असणार. यादी कोणाची, हा प्रश्न ठराव कोणाचा याच्या आधी येतो.

१९३५ च्या कायद्याने यादी वाढली. देशभर सुमारे तीन कोटी लोकांना मत मिळाले. मुंबई प्रांताला दोन सभागृहे मिळाली. विधानसभेच्या १७५ जागांसाठी ही वाढलेली यादी होती, तर वरच्या विधान परिषदेसाठी मोठा सारा आणि आयकर भरणारे, किताबवाले, अधिकारपदे भोगलेले असा अगदी निवडक मतदार. थेट निवडणूक होती, पण थोरामोठ्यांची. कुलाब्यात १९३७ ची निवडणूक तापली ती मात्र जमिनीवरून. अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या परिसरात कुळांचा संप १९३३ पासून चालू होता. खोताला द्यायचा खंड आणि त्यावरच्या वेठीला कंटाळून नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी शेतेच पडीक टाकली होती. पाचसहा वर्षे पोटाला चिमटा घेऊन लोकांनी संप चालवला, हे आज कुणाला सांगितले तर खरे वाटत नाही. आंबेडकरांनी १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला, तेव्हा कोकणातली ही कुळे त्याच्या मागे उभी राहिली. महाडच्या तळ्याच्या वेळी आंबेडकरांची बाजू घेणारे सुरेंद्रनाथ टिपणीस याच पक्षातर्फे आमदार झाले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी आंबेडकरांनी विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. ते मंजूर झाले नाही. पण शेतात राबणाऱ्याचे गाऱ्हाणे सभागृहाच्या टेबलावर आले. यादी वाढल्याचा परिणाम एका वर्षात दिसला.

दक्षिण काठावरच्या कुळाला ही वाट नव्हती. प्रांताचा कायदा संस्थानात चालत नव्हता आणि प्रांताच्या विधिमंडळात संस्थानी प्रजेला मत नव्हते. दक्षिणी संस्थानांमध्ये प्रजा परिषदेची चळवळ होती, पण नवाबाने मनावर घेतल्याशिवाय तिच्या हाती काही येत नव्हते. राजाने मनावर घेतले तर काय होते याचे उदाहरण घाटावर घडले. औंधच्या ७२ गावांच्या संस्थानात भवानराव पंतप्रतिनिधींनी जानेवारी १९३९ मध्ये नवी राज्यघटना देऊन सत्ता रयतेच्या हवाली केली. गावाने पंचायत निवडायची, पंचायतींमधून तालुका सभा आणि तिथून विधिमंडळ. गांधीजींनी मसुद्यात लक्ष घातले, राजपुत्र अप्पासाहेब पंत आणि पोलंडहून आलेले मॉरिस फ्रीडमन यांनी अंमलबजावणी केली. औंधही लहान, जंजिराही लहान. राज्य लहान आहे म्हणून लोकशाही सोपी असते, असे काही नाही.

१९४७ च्या ऑगस्टपर्यंत जंजिरा भारतात सामील झाला होता, पण सामीलनामा वेगळा आणि विलीनीकरण वेगळे. संरक्षण आणि परराष्ट्र व्यवहार दिल्लीकडे गेले, मुरूडचा कारभार नवाब सिद्दी महंमदखानाकडेच राहिला. महाडकडच्या तरुणांना हे मान्य नव्हते. नाना पुरोहित आणि मोहन धारिया यांनी माणसे गोळा केली. धारिया त्या वेळी तेवीस वर्षांचेही नव्हते. जानेवारी १९४८ च्या अखेरीस हे तरुण हद्द ओलांडून म्हसळ्यात शिरले, श्रीवर्धनकडे वळले आणि मुरूडवर दबाव आणला. त्याच दिवसांत, ३० जानेवारीला, दिल्लीत गांधीजींचा खून झाला. ३१ जानेवारी हा दिवस या पट्ट्यात आजही जंजिरा मुक्तिदिन म्हणून पाळतात. ८ मार्च १९४८ ला इतर दक्षिणी संस्थानांबरोबर जंजिरा मुंबई प्रांतात विलीन झाला. मुरूड, श्रीवर्धन आणि म्हसळा कुलाबा जिल्ह्याला जोडले गेले, भोर संस्थानातला पालीकडचा सुधागडही त्याच वेळी आला. संस्थानाचा काठेवाडातला जाफराबादचा तुकडा सौराष्ट्राकडे गेला.

याच सुमारास जुनागडात २० फेब्रुवारीला सार्वमत झाले, तिथे पाकिस्तानच्या बाजूने ९१ मते पडली. हबसाणातल्या लोकांना असे कोणी विचारले नाही. विचारले असते तर उत्तर काय आले असते याबद्दल मला शंका नाही. तरीही नोंद करायला हवी, की या किनाऱ्यावरचा शेवटचा राजा मतपेटीने गेला नाही. तो गेला मोर्चाने आणि सहीने.

मतपेटी आली पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत. एकवीस वर्षांवरच्या प्रत्येकाला मत. म्हसळ्याच्या कुळाने, मुरूडच्या कोळणीने आणि नवाबाच्या नातलगाने एकाच रांगेत उभे राहून ते दिले. कुलाब्यातून लोकसभेवर गेले चिंतामणराव देशमुख. महाडजवळच्या नाते गावात जन्मलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि आता अर्थमंत्री. मुंबई महाराष्ट्राला मिळत नाही हे दिसल्यावर १९५६ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढच्याच वर्षी मतदारांनी काँग्रेसला बाजूला सारून शेतकरी कामगार पक्षाचे राजाराम बाळकृष्ण राऊत निवडले. चरीच्या संपात तयार झालेली शेतकऱ्यांची फळी आणि संयुक्त महाराष्ट्राचा राग यांची ती बेरीज होती. संस्थानी मुलखातल्या श्रीवर्धन मतदारसंघाने १९६२ मध्ये म्हसळा तालुक्यातल्या आंबेत गावचे बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले यांना विधानसभेवर पाठवले. संस्थान विलीन झाले तेव्हा ते एकोणीस वर्षांचे होते. १९८० मध्ये ते मुख्यमंत्री झाले आणि १ जानेवारी १९८१ पासून कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले. वारसाहक्काने जे पद या मुलखातल्या कुणाला कधी मिळाले नसते, ते बत्तीस वर्षांत मताने मिळाले.

इथे थांबलो तर चित्र फार गोड होईल. राज्याच्या वरच्या सभागृहात अजून एक जागा अशी आहे, जिथे रायगडच्या सामान्य मतदाराला मत नाही. विधान परिषदेच्या ७८ पैकी २२ जागा स्थानिक स्वराज्य संस्थांच्या. त्यांतली एक रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या तीन जिल्ह्यांची मिळून. मत देणारे नगरसेवक, जिल्हा परिषदेचे सदस्य आणि पंचायत समित्यांचे सभापती. ग्रामपंचायतीच्या सदस्यालाही मत नाही. सगळे मिळून इतके थोडे, की प्रत्येक मतदाराला नावाने ओळखता येते, त्याच्या घरी जाता येते आणि मतदानापूर्वी त्याला सहलीलाही नेता येते. या निवडणुकांच्या आधी नगरसेवक गावातून गायब का होतात, हे कोकणात शाळकरी पोरालाही ठाऊक असते.

हा रोग आपल्याकडचाच नाही. अमेरिकेत १९१३ पर्यंत सेनेटचे सदस्य राज्यांची विधिमंडळे निवडत. डेलावेअर या इवल्याशा राज्यात गॅस कंपन्यांच्या धंद्यात पैसा मिळवलेले एडवर्ड ॲडिक्स सेनेटर होण्यासाठी हट्टाला पेटले. विधिमंडळात वर्षानुवर्षे पेच पडला आणि १९०१ ते १९०३ या काळात डेलावेअरचा एकही सेनेटर वॉशिंग्टनमध्ये नव्हता. अशा प्रकारांना विटून लोकांनी घटनेत सतरावी दुरुस्ती करून घेतली आणि सेनेटरांची निवड थेट मतदारांकडे गेली. आपल्याकडे रिकामी जागा वेगळ्या वाटेने आली. निम्म्याहून बरेच अधिक, म्हणजे तीनचतुर्थांश संस्था आणि मतदार अस्तित्वात असल्याशिवाय निवडणूक आयोग ही निवडणूक घेत नाही. नगरपालिका आणि जिल्हा परिषदांच्या निवडणुकाच रखडल्या, सगळीकडे प्रशासक बसले आणि २०२४ मध्ये आधीच्या सदस्याची मुदत संपल्यावर ही जागा भरता आली नाही. मतदारच नव्हते.

संविधानाच्या कलम १७१ मध्ये परिषदेची ही रचना संसद कायद्याने दुसरी तरतूद करेपर्यंतच ठेवलेली आहे. घटनादुरुस्तीचीही गरज नाही, साधा कायदा पुरेल. तीन जिल्ह्यांतून लोकसभेवर गेलेल्या खासदारांनी तो मांडावा, आणि ते मत मागायला आल्यावर तुम्ही त्यांना त्याबद्दल विचारावे.